‘एचआयव्ही म्हणजे आता रोजची एक गोळी’: या मेसेजला माझं उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला चार जणांकडून आला. त्याचा सारांश असा: एचआयव्ही आता मधुमेहासारखा झालाय. रोज एक गोळी घ्या आणि इतरांसारखं जगा. विषाणू बाई-पुरुष असा भेद करत नाही, औषधही दोघांना एकच. आईकडून बाळाला होणारी लागण थांबवता येते, म्हणजे बायकांचा प्रश्न केव्हाच सुटला. ज्या उपचार सोडतात त्या स्वतःच्या बेफिकिरीमुळे. मग बायकांसाठी वेगळ्या तपासण्या, वेगळे कार्यक्रम, वेगळा पैसा कशाला?

मी एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची समुपदेशक आहे. मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. एकीच्या भावाला नुकतीच लागण झाल्याचं कळलंय, त्याला धीर यावा म्हणून तिने तो जपून ठेवला होता. म्हणूनच त्यातलं खरं किती आणि तो चुकतो कुठे, हे नीट सांगायला हवं.

आधी खरं ते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी रोजची औषधं, वेळेत सुरू केली आणि नियमित घेतली, तर माणूस जवळपास इतरांइतकंच जगू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी होती. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आटोक्यात असताना निरोधशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला लागण एकदाही झाली नाही. तपासणीत विषाणू सापडत नसेल, तर तो शरीरसंबंधांतून पसरत नाही. हे मी रोज सांगते, आणि ऐकता ऐकता समोरच्या बाईचे आवळलेले हात सुटताना पाहते. त्या भावाला हे जरूर कळू दे.

पण मेसेजमधलं पुढचं जवळपास सगळं चुकीचं आहे.

‘रोज एक गोळी, संपला विषय.’ गोळी एचआयव्हीला आवरते. गर्भाशयमुखाचा कर्करोग ती एकटी आवरू शकत नाही. तो एचपीव्ही या दुसऱ्याच विषाणूमुळे होतो. हा विषाणू इतका सर्रास असतो की शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतोच, आणि बहुतेकांचं शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकून लावतं. एचआयव्ही असलेल्या बाईच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसण्याची शक्यता जास्त. एचआयव्ही नसलेल्या बाईच्या तुलनेत तिला हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसच वेगळी आहे. इतर बायकांची तपासणी तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असलेल्यांची पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी. कर्करोगाच्या आधीचे बदल वेळीच दिसले तर ते तिथल्या तिथे गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतात, अनेकदा त्याच भेटीत. ‘वेगळी तपासणी कशाला’ याचं उत्तर एवढंच आहे: ती केली नाही तर व्हायरल लोड आटोक्यात असलेली बाईही कर्करोगाने जाऊ शकते.

हे वेगळेपण कुणी आपणहून मान्य केलेलं नाही, हेही सांगायला हवं. साथीच्या पहिल्या दशकात अमेरिकेत एड्सची व्याख्या ठरली ती मुख्यतः पुरुषांमध्ये दिसणाऱ्या आजारांवरून. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने बाई मरणाच्या दारात असली तरी कागदोपत्री तिला एड्स नव्हता, आणि एड्स नाही म्हणजे त्यासाठी मिळणारी सरकारी मदतही नाही. बायकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलन केलं. त्यात कॅटरिना हॅस्लिप होती. न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात शिक्षा भोगत असताना तिने सोबतच्या एचआयव्हीबाधित कैदी बायकांसाठी काम उभं केलं होतं. सुटल्यावरही ती लढत राहिली. १ जानेवारी १९९३ पासून व्याख्या बदलली, गर्भाशयमुखाचा कर्करोग यादीत आला. कॅटरिना त्याआधी महिनाभर, डिसेंबर १९९२ मध्ये गेली.

‘विषाणू भेद करत नाही, औषध दोघांना एकच.’ औषध एकच असलं तरी शरीर एकच नाही. नेव्हिरापिनचं उदाहरण घ्या. एचआयव्हीवरचं हे औषध यकृताला इजा करू शकतं. सुरू करताना पुरुषाची सीडी४ संख्या (रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी) ४०० च्या वर असेल तर जपायचं. बाईच्या बाबतीत ती रेषा २५० वरच येते. औषध तेच, पण बाईला धोका बराच कमी आकड्यापासून सुरू होतो. अशा गोष्टी वेळेवर कळायच्या तर चाचण्यांमध्ये बायका असायला हव्यात. २०१६ मधल्या एका आढाव्यात एचआयव्हीच्या औषधांच्या अभ्यासांत बायकांचा वाटा साधारणपणे जेमतेम १९ टक्के निघाला, आणि आजार मुळापासून घालवण्याच्या संशोधनात ११ टक्के. जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांत मात्र निम्म्याहून जास्त बायका आणि मुली आहेत. २०२३ मध्ये ५३ टक्के.

गर्भनिरोधकांचं तसंच. एआरटीतलं इफाविरेन्झ हे औषध, दिवस राहू नयेत म्हणून दंडात बसवलेल्या इम्प्लांटमधलं संप्रेरक यकृताला झपाट्याने मोडायला लावतं. युगांडातल्या एका अभ्यासात इफाविरेन्झ घेणाऱ्या २० बायकांना लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाचं इम्प्लांट बसवलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत तिघींना दिवस राहिले. इम्प्लांट एका खोलीत बसवायचं आणि एआरटी दुसऱ्या खोलीत द्यायची, दोन्हीकडच्या फाइली एकमेकींना कधी भेटायच्या नाहीत, अशी सोय असली की असंच होणार.

डोल्युटेग्राव्हिरची गोष्ट तर मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. आज बहुतेक ठिकाणी एआरटीची सुरुवात याच औषधाने होते: प्रभावी, सोसायला सोपं, आणि विषाणू सहजासहजी निकामी करू शकत नाही असं. मे २०१८ मध्ये बोत्स्वानातल्या ‘त्सेपामो’ अभ्यासातून इशारा आला: गर्भ राहिला तेव्हा हे औषध चालू असलेल्या बायकांच्या ४२६ बाळंतपणांपैकी चारांत बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या वाढीत दोष होता. इशारा गंभीर होता, सावध होणं बरोबरच होतं. पण पुढे काय झालं? काही देशांनी मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ते औषध द्यायचंच थांबवलं, किंवा दीर्घकाळ टिकणारं गर्भनिरोधक घेतलं तरच देऊ असं ठरवलं. जिला मूल नकोच होतं तिलाही जुनं, जास्त त्रासाचं औषध. तिला कुणी विचारलंच नाही. जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या १८ देशांतल्या ३९ एचआयव्हीबाधित बायका रवांडातल्या किगालीत जमल्या आणि त्यांनी लेखी मागणी केली: माहिती आम्हाला द्या, निवड आम्ही करू. वर्षभरात आकडेवारी वाढली तसा तो धोका फारच कमी असल्याचं दिसलं, जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध सर्वांसाठी सुचवलं, आणि पुढे तर फरक उरलाच नाही. त्या मधल्या काळात ज्या बायका अडकल्या, त्यांना ‘औषध एकच आहे’ हे वाक्य कुणी ऐकवून बघावं.

‘बाळाला लागण होत नाही, म्हणजे प्रश्न सुटला.’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागतं. बाळ वाचतं ही या सगळ्यातली सर्वांत मोठी आनंदाची गोष्ट आहे. काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, औषधांनी ते पाच टक्क्यांच्या खाली आणता येतं. २०१५ मध्ये क्युबा ही लागण संपवल्याचं प्रमाणपत्र मिळवणारा पहिला देश ठरला. पण प्रश्न कुणाचा सुटला? बाळाचा. आईचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

एक काळ असा होता की कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एकच गोळी द्यायची. बाळाला लागण होण्याची शक्यता त्याने निम्म्यावर येई. पण त्या एका गोळीने आईच्या शरीरातल्या विषाणूला त्या औषधाची ओळख होऊन बसे, आणि पुढे तिला स्वतःसाठी उपचार लागले की तेच औषध अनेकदा निकामी ठरे. आफ्रिकेतल्या सात देशांत झालेल्या एका चाचणीत अशा बायकांना नेव्हिरापिनवर आधारलेले उपचार दिले, तर २६ टक्के जणींच्या बाबतीत ते फसले किंवा मृत्यू ओढवला. दुसऱ्या औषधगटात हे प्रमाण ८ टक्के होतं. बाळाला वाचवताना आईच्या उद्याच्या औषधाची किंमत मोजली गेली होती. आता ही पद्धत मागे पडली, गर्भवतीला आयुष्यभराची एआरटी लगेच सुरू होते. तरीही बाळंतपणानंतरचं चित्र बघा. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेला हिशेब सांगतो की गरोदरपणी सुमारे ७६ टक्के बायका औषधं पुरेशी नियमित घेतात आणि बाळंतपणानंतर जेमतेम ५३ टक्के. नऊ महिने सगळे तिच्या गोळीची वेळ विचारतात. बाळाची तपासणी निगेटिव्ह आली की विचारणारे पांगतात, आणि रात्री दोनदा उठणारी, टाके न सुकलेली, उदास झालेली बाई एकटी उरते.

नामिबियात याहून भयंकर घडलं. तीन एचआयव्हीबाधित बायकांवर प्रसूतीच्या वेळी नसबंदी करण्यात आली. कळा चालू असताना त्यांच्यासमोर संमतीचे कागद धरले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला: ही समजून-उमजून दिलेली संमती नव्हे. बाळापुरतंच बाईकडे पाहिलं की पुढची पायरी ही असते.

‘ज्या सोडतात त्या बेफिकीर.’ माझ्याकडे येणाऱ्या एका बाईच्या पिशवीत गोळ्यांची डबी होती, तोंडापर्यंत कापूस ठासलेली. मी विचारलं तर म्हणाली, “खुळखुळते ना ताई. आवाज झाला की विचारतात कसल्या गोळ्या.” डबीतली ओलावा शोषणारी पुडी तिने जागा करायला काढून टाकली होती, आणि कापूस उलट ओलावा धरून ठेवत होता. तिचा व्हायरल लोड वाढला होता, पण तो त्या कापसामुळे नाही. घरी पाहुणे मुक्कामाला होते, झोपायला एकच खोली, अकरा दिवस तिला डबी उघडताच आली नव्हती. ते अकरा दिवस तिने मला तारीखवार सांगितले. बेफिकीर माणसाला तारखा पाठ नसतात. आम्ही गोळीची वेळ रात्रीऐवजी ती कामावर असते तेव्हाची ठेवली आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सुरुवात केली. एवढंच केलं. पुढची तपासणी स्वच्छ आली.

मलावीने २०११ मध्ये सर्व गर्भवतींना लगेच आयुष्यभराची एआरटी द्यायला सुरुवात केली. मोठं धाडसी पाऊल होतं ते. पण गरोदरपणी औषध सुरू केलेल्या बायका पहिल्या भेटीनंतर परत न येण्याचं प्रमाण, स्वतःच्या आजारासाठी सुरू केलेल्यांच्या पाचपट निघालं. ज्या दिवशी लागण कळली त्याच दिवशी हातात डबी. घरी जाऊन कुणाला सांगायचं, नवऱ्याने हात उगारला तर कुठे जायचं, याचा विचार करायला एक रात्रही नाही. त्या परत आल्या नाहीत याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे, कारण मग आपल्याला काही करावं लागत नाही.

‘इतरांसारखं जगा.’ जगतायत, म्हणूनच नवे प्रश्न आलेत. ज्यांना तिशीत ‘फार वर्षं नाहीत’ असं सांगितलं गेलं, त्या आता पन्नाशीत आहेत. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या नोंदींवरून २००७ मध्ये दिसलं की एचआयव्ही असलेल्या पुरुषाला हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १.४ पट, तर बाईला इतर बायकांच्या जवळपास तिप्पट. २०२३ च्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीने दाखवलं की रोज एक स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेतल्याने एचआयव्ही असलेल्यांमधला हा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे उपाय आहे. पण तो द्यायचा तर समोरच्या बाईचं हृदय तपासायचं कुणाला तरी सुचलं पाहिजे.

मागच्या वर्षी एक बाई आली. रात्री घामाने कपडे भिजायचे, झोप नव्हती, चिडचिड. रात्रीचा घाम हे क्षयाचं लक्षण आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांत सर्वाधिक मृत्यू क्षयानेच होतात, म्हणून तिच्या थुंकीची तपासणी झाली, एक्स-रे झाला. ते योग्यच होतं. सगळं निर्मळ निघालं. मग गोळ्यांचा परिणाम असेल म्हणून दोनदा विचारपूस झाली, व्हायरल लोडही पाहिला. तोही उत्तम. तिला वाटू लागलं होतं की आता आपलं शरीर औषधाला दाद देत नाही, शेवट आला. मी विचारलं, पाळी शेवटची कधी आली? “आठ महिने झाले असतील,” ती म्हणाली, “पण त्याचं इथे काय?” मी तिची फाइल उघडली. शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना एकदाच भरलेला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, ती गरोदर असताना.