ड्रॅगनने मला उतरवलं

परवा संध्याकाळी मला एका ड्रॅगनमधून उतरवण्यात आलं. आमच्या नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानावर सुट्ट्यांचा आनंदमेळा लागलाय, त्यातला हिरवा ड्रॅगन, पत्र्याचं तोंड, एका डोळ्यातला बल्ब गेलेला. भाचीला एकटीला भीती वाटत होती म्हणून मी शेजारी बसलो, बार खाली ओढला, आणि स्विचपाशी बसलेला पोरगा ओरडला, "अंकल, आप उतरो. लोड नहीं लेगा."

उतरलोही असतो मुकाट्याने, पण बार उघडेना. पोटावर घट्ट बसला तो बसला. पोरगा पाना शोधायला गेला आणि मी तिथेच, सगळ्या मैदानाच्या मधोमध, ड्रॅगनच्या तिसऱ्या डब्यात, वर एलईडीच्या माळा लुकलुकतायत आणि भाची विचारतेय, "मामा, आपण चालू कधी होणार?"

एवढ्यावर भागलं असतं. पण कठड्याला टेकून एक गृहस्थ भेळ खात उभे होते. अंगात कंपनीचा निळा युनिफॉर्म, खिशाला टेस्टर. हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले लोक मी लांबून ओळखतो, सुट्टी झाली तरी मेंटेनन्स यांच्या अंगातून जात नाही.

"मोटर कितीची आहे रे?" त्यांनी पोराला विचारलं. पोरगा गेलेला. मग स्वतःच उत्तर दिलं, "दोनची असंल. यांना घेतलं तं ट्रिप मारंल." आणि माझ्याकडे वळून, "वजन किती भो तुमचं?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"लाजू नका, टेक्निकल विचारतोय. नव्वद?"

मागून एक बाई म्हणाल्या, "नव्वद कुठलं, नव्वद आमचे हे आहेत." आणि त्यांनी खरंच नवऱ्याला पुढे ढकललं. ते बिचारे कोन चाटत माझ्या डब्याशेजारी येऊन उभे राहिले, मापाला. लोकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कोणी काही बोलायच्या आत त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी जन्मात विसरणार नाही. नवऱ्याकडे इतक्या प्रेमाने त्यांनी लग्नातही बघितलं नसेल.

"शंभरच्या आत नाय," टेस्टरवाल्यांनी निकाल दिला. "खिशात काय आहे? मोबाइल, पाकीट, चाव्या? ते काढून नेट किती?"

आता मला राग कसला आला सांगतो. वजनाचा नाही, वजन आहे तर आहे, मिसळीच्या गावात राहतो आम्ही. राग याचा आला की माणूस बरोबर बोलत होता. भेळेचा चमचा नाचवत ते जमलेल्यांना समजावत होते की ही गाडी म्हणजे खरा रोलर कोस्टरच नाही, हिला चढाला, उताराला, सपाटीला सगळीकडे मोटरच ओढते, ती मोटर गाडीतच बसवलेली असते आणि रुळाशेजारच्या पट्टीवरून करंट घेते, म्हणजे जेवढा माणूस जड तेवढी मोटर गरम. खऱ्या कोस्टरला साखळी एकदाच वर नेऊन सोडते, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणावर.

हे मलाही माहीत आहे हो! उलट मी तर पुढचं सांगतो, जे त्यांनी मला सांगूच दिलं नाही. खऱ्या कोस्टरवर वजनदार माणूस म्हणजे फायदा. गाडी जड असली की हवा आणि घर्षण तिला तेवढं रोखू शकत नाहीत, भरलेली गाडी रिकामीपेक्षा जोरात पळते. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो कोस्टर घ्या. 2013 पासून आहे, उंची साधारण 40 मीटर, वेग ताशी 105 किलोमीटर, पाच वेळा डोकं खाली पाय वर, आणि सुटायच्या आधी पायाखालची फरशीच खाली निघून जाते, पाय लोंबकळत राहतात. तिथे खांद्यावरचा हार्नेस नीट बसलाय का एवढंच ओढून बघितलं, नेट वेट कोणी विचारलं नाही. मी मागच्या ओळीत बसलो होतो, कारण उताराला पुढचे डबे मागच्यांना खेचून खाली नेतात आणि सीटवरून उडाल्यासारखं होतं ते तिथेच जास्त. वर चढताना जो टकटक आवाज येतो ना, तो साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्यांचा असतो. सगळ्यात जास्त लोक त्याच आवाजाला देवाचं नाव घेतात, आणि नेमका तोच आवाज त्यांना वाचवायला असतो.

हे सगळं मी डब्यातून, पोटावर बार, हातवारे करून सांगायला सुरुवात केली तर गृहस्थ म्हणाले, "नायट्रो बघितलाय मी. चांगलाय. बेअरिंग चांगली आहेत."

बेअरिंग!

मग त्यांनी यादीच काढली. एस्सेलवर्ल्ड पोरांना घेऊन केलेलं, बोटीतून गोराईला उतरून. ते 1989 चं, आता बंद. आमच्या पिढीला तर दूरदर्शनवरच्या त्या जाहिरातीने वेड लावलं होतं, नाशिकहून शाळेची सहल रात्रीच निघायची आणि कसारा घाटातच निम्मी पोरं रोलर कोस्टर संपवून बसायची, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. हे गृहस्थ मात्र तिथली आठवण म्हणून काय सांगतात, तर समुद्राची हवा, गंज, रंग दरवर्षी द्यावा लागत असणार. मेव्हण्याकडे हैदराबादला गेले तेव्हा तिथलं वंडरला पार्क. "तिथं गाडी आधी सरळ जाते आणि मग त्याच रस्त्याने उलटी येते. पाठमोरी. डोकंच लागत नाही त्याला, ट्रॅक अर्धा आणि मजा डबल. बचत बघा!"

"कसं वाटलं पण बसल्यावर?" कोनवाल्यांनी विचारलं.

"बसलो नाही. मी बसत नसतो."

"कशातच?"

"छे हो. मी खाली उभा राहतो. खालून बोल्ट दिसतात ना सगळे. आवाजावरून कळतं मला गाडी कशी आहे ते. पोरं बसतात, मी ऐकतो."

म्हणजे हा माणूस गोराई, खोपोली, हैदराबाद असा तिकिटं काढून हिंडला, आणि सगळीकडे खाली उभा राहून चाकं ऐकून परत आला. आणि मला, जो पाच वेळा उलटा होऊन आलाय, त्याला हे लोडिंग शिकवणार. लोक मात्र त्यांचंच ऐकत होते. आपल्याकडे टेस्टर खिशाला असला की माणूस इंजिनिअर.

खरं सांगायचं तर या सगळ्याला नाशिकच जबाबदार आहे. एवढं मोठं शहर, द्राक्षं आहेत, वाइन आहे, 2027 च्या सिंहस्थासाठी रोज कुठला ना कुठला रस्ता खोदतायत, पण एक साधा लूप अनुभवायचा तर खोपोली गाठा. पाण्याच्या घसरगुंड्या आहेत आजूबाजूला, मान्य, पण ओल्या चड्डीत घसरणं हा वेगळा विषय. नवरात्रात कालिका यात्रेत आकाशपाळणे लागतात तेवढीच काय ती उंची. 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, कसारा घाट टळला, बरं झालं, पण मग टोल द्या, तिकीट द्या, आणि एवढं करून पार्कात गेलं की गेटवर बॅग उघडून पोळी-भाजीचा डबा काढून घेतात. मी एका ठिकाणी बघितलंय, आजींच्या पिशवीतल्या दशम्या बाजूला ठेवल्या आणि आत पाव-सामोशाचा भाव वाचून आजी खुर्चीतच बसल्या. वर जास्त पैसे भरले की रांग तोडून पुढे जाता येतं, हे तर मला अजिबात पटत नाही. तासभर उन्हात उभं राहायचं, दोन मिनिटांची राइड, आणि आपला नंबर आला की गळ्यात वेगळा पट्टा घातलेलं एक कुटुंब हसत हसत बाजूने आत. रांगेत उभं राहणं ही एकच गोष्ट होती जिथे श्रीमंत-गरीब एकत्र घाम गाळायचे, तीही विकली. जाऊ दे.

पोरगा पाना घेऊन आला. बार निघाला. टेस्टरवाल्यांनी पाना कसा धरायचा हेही त्याला शिकवलं. भाची एकटी बसली, भीती वगैरे काही नाही, ड्रॅगनने कुरकुरत चक्कर मारली आणि प्रत्येक फेरीला ती मला "मामा, हलकं हलकं चाललंय!" असं ओरडून सांगत होती.

मी खिडकीवर गेलो, म्हटलं, माझे 80 रुपये परत द्या, मी बसलोच नाही.

"रिफंड नहीं होता. दूसरे में बैठ जाओ."

"दुसऱ्या कशात?"

त्याने हवा भरलेल्या जंपिंगकडे बोट दाखवलं, ज्याच्यावर चार-पाच वर्षांची पोरं उड्या मारत होती. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "त्यात नका पाठवू भो यांना. ब्लोअर एकच लावलाय."