म्हणे काचेच्या गोट्या स्टीलइतकंच दळतात

"बॉल मिलमध्ये महागाचे स्टीलचे नाहीतर झिर्कोनियाचे बॉल कशाला, काचेच्या गोट्या टाका, तेवढंच दळतात, कठीण असतात, झिजत नाहीत, माल शुद्ध राहतो, आणि कमी पडलंच तर स्पीड वाढवा." हा मेसेज परत फिरायला लागलाय. (बॉल मिल म्हणजे फिरणारा जार, त्यात बॉल आणि माल टाकून माल दळतात; झिर्कोनिया म्हणजे एक कठीण सिरॅमिक.) काचेशी माझं काही वैर नाही, पण यातलं एक वाक्य धड असेल तर शपथ.

"तेवढंच दळतात"? १६ मिमीची काचेची गोटी साधारण ५.४ ग्रॅम भरते, तेवढाच स्टीलचा बॉल जवळपास १७ ग्रॅम. गोटी दाण्यावर आदळते म्हणून दाणा फुटतो, मग एक तृतीयांश वजनात तोच दणका कुठून आणणार? ओलं दळताना तर अजून पंचाईत, काचेची घनता २.५ आणि समजा स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेला माल, १.६ ची, म्हणजे गोटीला खाली बसायला उरले ०.९ आणि स्टीलला ६.२, तिपटीचा फरक सातपटीवर गेला ना राव!

बरं, स्पीड वाढवू. बॉल जारच्या भिंतीला चिकटून गोल फिरायला लागतात तो क्रिटिकल स्पीड जार आणि बॉलच्या व्यासावर ठरतो, वजन त्या सूत्रात येतच नाही. २० सेंमीच्या जारमध्ये १६ मिमीच्या गोट्या असतील तर तो ९९ आरपीएमच्या आसपास, काच असो की स्टील. त्यापुढे मिल फिरते, दळण बंद.

"कठीण असतात" हे अर्धंच खरं. मोह्स स्केलवर (कठीणपणाची १ ते १० मोजपट्टी) काच साडेपाच, आणि दळायची खनिजं बघा, फेल्स्पार ६, क्वार्ट्झ ७, मग कोण कोणाला दळतंय? मी एकदा हौसेने फेल्स्पार लावला होता, सकाळी जार उघडला तर पारदर्शक गोट्या सगळ्या धुरकट झालेल्या आणि दोन-तीन गोट्यांचे शिंपल्यासारखे कपचे उडालेले (हातमोजे घाला, मी नव्हते घातले).

आणि शुद्धतेचं तर विचारूच नका. स्टीलची झीज बरीचशी चुंबकाने तरी निघते. काचेला स्फटिकरचनाच नाही, त्यामुळे एक्सआरडीतही (क्ष-किरणांनी मालातले स्फटिक ओळखायची चाचणी) तिचं धारदार पीक येत नाही, थोडीफार असली तर रिपोर्ट स्वच्छ आणि माल मात्र नासलेला. वर साध्या काचेच्या ताज्या पावडरीतून पाण्यात सोडियम सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होतं, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कली दाखवणारं रसायन) दोन थेंब टाकून बघा, पाणी गुलाबी होतं.

काच चालते तिथे झकास चालते, शाई किंवा मऊ पिगमेंट नुसतं सुटं करायचं असेल, नाहीतर यीस्टच्या पेशी फोडायच्या असतील तर अर्ध्या मिमीचे काचेचे मणीच वापरतात. बाकी कशासाठी वापरायच्याच असतील तर गोट्या आधी आणि नंतर धुऊन वाळवून वजन करा, जेवढं कमी भरेल तेवढी काच तुमच्या मालात गेली.