तो मेगालोडॉन नाहीये, मेगामाऊथ आहे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फोटो आलाय, काचेच्या टाकीत भलं मोठं तोंड असलेला शार्क आणि खाली "नरभक्षक मेगालोडॉन सापडला, शास्त्रज्ञांनी जगापासून लपवला, म्युझियमसाठी मारला, लोकांना दाखवतात ते रबराचं मॉडेल". सगळ्याच गोष्टी चूक आहेत.

मेगालोडॉन म्हणजे प्राचीन काळचा महाकाय शार्क, तो साधारण 36 लाख वर्षांपूर्वीच संपला, त्याचा एकेक दात तळहाताएवढा. फोटोतला मेगामाऊथ नावाच्या वेगळ्याच जातीचा शार्क आहे, ह्याचे दात काही मिलिमीटरचे. आणि लपवला कुठे? पहिला मेगामाऊथ 15 नोव्हेंबर 1976 ला हवाईजवळ मिळाला, 1983 ला नावासकट सगळं वर्णन छापून आलं.

मारला म्हणणाऱ्यांनी हे पण वाचा. तो हवाईचा अमेरिकन नेव्हीच्या जहाजाने पाण्यात सोडलेल्या पॅराशूटसारख्या नांगरात अडकला होता. 1988 ला ऑस्ट्रेलियात मँडुराच्या किनाऱ्याला एक लागला, तिथल्या लोकांनी त्याला परत पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला, पण नाही वाचला, मग म्युझियमने जपून ठेवला.

आता रबराचं. पुण्यात ज्यांनी बीएस्सी झूलॉजी केलंय त्यांनी लॅबमधली मुशी, म्हणजे छोटा शार्क, आठवा जरा. गणेश पेठेच्या मासळी बाजारात ताजी मुशी कशी राखाडी, लवचिक असते, आणि तीच फॉर्मालिनच्या, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनाच्या, बरणीत राहिली की रंग उडून मातकट पिवळट होते, अंग ताठ होतं, डोळे पांढरे पडतात, कारण फॉर्मालिन मांसातली प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं, म्हणूनच ते कुजत नाही. एवढ्या मोठ्या माशाला तर नुसतं बुडवूनही भागत नाही, औषध आत पोचायच्या आधीच आतडी सडायला लागतात, म्हणून जाड मांसात आणि पोटात सुईने फॉर्मालिन टोचावं लागतं आणि नंतर बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये ठेवतात. म्हणजे जे "रबरी" दिसतंय ते खऱ्या माशाचंच लक्षण आहे!

राहिलं नरभक्षक. हवाईच्या त्या पहिल्या माशाचं पोट तपासलं तर आत क्रिल निघालं, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव. 1990 ला कॅलिफोर्नियात एकाला ट्रान्समीटर लावून सोडला, तो दिवसा दीडशे मीटरच्या आसपास खोल आणि रात्री पार वीसेक मीटरपर्यंत वर, क्रिल पण रात्रीचं असंच वर येतं. पाणी गाळून हेच खातो तो.