दहापैकी सहा म्हणे!

इंग्लंडमधल्या खेड्यातलं शनिवारचं क्रिकेट म्हणजे चाळीस षटकं, मग टी, मग पुन्हा चाळीस. टी म्हणजे नुसता चहा नव्हे; सँडविच, स्कोन, केक, सगळा थाट. आणि आमच्या संघातले दोन महाभाग दर मॅचला त्याला गुण देतात! ‘एग सँडविच कोरडं, दहापैकी सहा.’ अरे, जावई आहात का? सकाळी उठून काकड्या कोणी चिरल्या, ब्रेडच्या कडा कोणी कापल्या? आपली पाळी आली की हेच दोघं गारढोण सॉसेज रोल आणून खोक्यासकट टेबलावर आपटतात. मागच्या खेपेला तर किंमत उतरवल्याचं पिवळं स्टिकरही तसंच होतं!

मी सलामीला जातो. पॅड बांधून येईपर्यंत माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला उरतं एक चीज सँडविच, तेही कोणीतरी दाबून बघितलेलं. (चहाबद्दल बोलतच नाही. आलं नाही, वेलची नाही, नुसतं तपकिरी पाणी.)

कोविडनंतर कित्येक लीगनी टीची सक्तीच काढली, आपापले डबे आणा म्हणाले. तेव्हा सगळ्यात मोठा गळा कोणी काढला? याच परीक्षकांनी. आणि कपबशा विसळायची वेळ झाली की यांना नेमका फोन येतो.