समोरच्यांची लाईट

वळीव आला, गंगापूर रोडला आमच्या कोपऱ्यावरचा गुलमोहर तारांवर आडवा झाला आणि संध्याकाळी साडेपाचला लाईट गेली. त्याचं एवढं काही नाही. समोरच्या सोसायटीत ती होती, हे खरं दुखणं. त्यांचा फीडर वेगळा. मधे रस्ता जेमतेम 30 फुटी, पण पलीकडे एसीचं पाणी ठिबकत होतं आणि अलीकडे मी वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत होतो.

तक्रारीचा नंबर रात्री अकराला एकदाचा लागला आणि नेमकी तेव्हाच मोबाईलची रेंज गेली. टॉवरलाही वीज लागते, ती गेली की तो काही तास बॅटरीवर तग धरतो आणि मग मान टाकतो, हे ज्ञान मला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात बसून दिलं. "जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची हो," ते हळहळले. आपला लँडलाइन त्यांनी गेल्याच दिवाळीत भंगारात घातला होता.

सकाळी नळ कोरडे. पाणी खालच्या टाकीत होतं, पण गच्चीवर चढवणारा पंप विजेचा. चौथ्या मजल्यावर बादल्या चढवताना सेक्रेटरींनी लावलेली पाटी दिसली: 'लिफ्ट बंद आहे.'

डीपीपाशी वायरमन आला तशी अख्खी सोसायटी गोळा झाली.

"दादा, किती वेळ?"

"जंपर टाकला की येईल."

जंपर म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत मात्र जो तो दुसऱ्याला अधिकारवाणीने सांगत होता, "जंपरचा प्रॉब्लेम आहे."

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि मोबाईल, चार्जर नि वाटणाचं खोबरं घेऊन समोर गेलो. वहिनींनी मिक्सर दिला, चहा दिला आणि वर विचारलं, "तुमच्याकडे अजून नाहीच का आली?" चहा एकदम कडू लागला.

आमची लाईट तिसऱ्या दिवशी पहाटे आली. पाठोपाठ रेंज आली आणि अडकलेले मेसेज धडाधड कोसळले. त्यांच्या तळाशी, तेव्हा बघायचाच राहून गेलेला, निफाडच्या मावशीचा, वादळाच्या संध्याकाळचा: "इकडे जोरात सुटलंय, तुमच्याकडे येईल. मोबाईल चार्ज कर, बादल्या भरून ठेव."

मी लगेच लिहिलं, "भरल्या गं मावशी. तुमच्याकडे लाईट आहे ना?"

दुपारपर्यंत एकच टिक.