'मागचे दार' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

सर,

समुपदेशन मानसशास्त्राच्या जडणघडणीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे मनोविकारांचे निदान आणि उपचार पाहणारी मानसशास्त्राची शाखा, तीस वर्षे शिकवल्याचे आपण सुरुवातीलाच सांगता आणि मग चार आक्षेप घेता. व्यवसाय मार्गदर्शनाचे अमेरिकन प्रवर्तक फ्रँक पार्सन्स यांच्या पुस्तकाचे वर्ष मी चुकीचे दिले, भारतातील इतिहास दोन ओळींत गुंडाळला आणि आपल्याकडे समुपदेशकाच्या नोंदणीबद्दल काही सांगितलेच नाही, हे त्यांतले तीन. चौथा आपल्याच शब्दांत देते: "क्लिनिकलला प्रवेश न मिळालेल्यांसाठी ठेवलेले मागचे दार म्हणजे समुपदेशन, आणि त्या दाराला आता इतिहासाचे तोरण बांधण्याचा बाईंचा खटाटोप चालला आहे."

पहिला आक्षेप मान्य आहे. पार्सन्स सप्टेंबर १९०८ मध्ये वारले आणि त्यांचे 'चूझिंग अ व्होकेशन' हे पुस्तक त्यांच्या पश्चात १९०९ मध्ये निघाले. मी १९०८ लिहिले होते. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

चौथ्या आक्षेपाबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. लेखाच्या माथ्यावर माझे नाव छापलेले असताना 'बाईंचा खटाटोप' असे लिहिण्याची गरज काय होती? शाळेतली मुले मला बाई म्हणतात तेव्हा त्या शब्दात माया असते आणि मानही असतो. आपल्या वाक्यात तो शब्द तसा आलेला नाही, हे मराठी वाचणाऱ्या कोणालाही कळेल. असहमती अवश्य नोंदवावी, त्यासाठीच लेखाखाली जागा ठेवली आहे. परंतु ज्या विषयात माणसाशी कसे बोलावे हेच मुळाक्षर आहे, तो विषय तीस वर्षे शिकवणाऱ्याकडून मी वेगळ्या भाषेची अपेक्षा केली होती.

आता मुद्द्याकडे वळते. मागचे दार म्हटले की आधी घर उभे असले पाहिजे. जानेवारी १९०८ मध्ये पार्सन्स यांनी बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात व्होकेशन ब्यूरो सुरू केला तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीचे घर तरी कितपत उभे होते? नॉर्थ एंड ही स्थलांतरितांची दाट वस्ती होती आणि हा ब्यूरो तिथल्या सिव्हिक सर्व्हिस हाउस या सेवाकेंद्रात उघडला. पार्सन्स शिक्षणाने अभियंते, नंतर वकील. मानसशास्त्रज्ञ ते कधीच नव्हते. येणाऱ्या मुलाला ते आधी एक लांबलचक प्रश्नावली देत आणि तीत स्वतःच्या सवयी, वाचन, तब्येत, आवडीनिवडी यांचा हिशेब मांडायला लावत. आरशात नीट पाहा, आपले दिसणे आणि वागणे कसे आहे ते घरच्यांना व मित्रांना मोकळेपणाने विचारा, अशीही सूचना त्यात होती. स्वतःची ओळख, कामधंद्यांची माहिती आणि या दोहोंची विचारपूर्वक सांगड या तीन पायऱ्या आजही व्यवसाय मार्गदर्शनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवल्या जातात. त्या खोलीत कोणी रुग्ण नव्हता, निदान नव्हते. पोटापाण्यासाठी कोणती वाट धरावी हे न कळणारा एक मुलगा होता आणि त्याचे ऐकून घेणारा एक मनुष्य होता. आमच्या व्यवसायाचा उगम तिथे आहे, आणि तो मला आपल्या कोणत्याही उगमापेक्षा कमी प्रतीचा वाटत नाही.

आपल्या उगमाचीही आठवण करून देते. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगातले पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक काढले. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा मनोरुग्ण नव्हता. त्याला शब्दांची स्पेलिंगे जमत नव्हती आणि त्याला त्याच्या शिक्षिकेने आणले होते. म्हणजे ज्या शाखेला आपण घर म्हणता, तिचीही पहिली केस शाळेच्या बाकावरून उठून आलेली होती.

पुढचा इतिहास मी लेखात दिला होता, पण आपल्या वाक्यावरून तो नजरेतून निसटलेला दिसतो. महामंदीच्या काळात मिनेसोटा विद्यापीठात डोनाल्ड पॅटर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेकार माणसांसाठी अभिक्षमता चाचण्यांचे, म्हणजे कोणाला कोणते काम जमेल ते जोखण्याचे, मोठे काम केले आणि त्याच परंपरेतून ई. जी. विल्यमसन यांनी विद्यार्थी समुपदेशनाची पद्धत बांधली. डिसेंबर १९४० मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स नेमके त्याच विद्यापीठात आले आणि सल्ला देण्यावर आधारलेल्या जुन्या पद्धतींवर त्यांनी टीका केली. दोन वर्षांनी त्यांचे 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' प्रसिद्ध झाले. त्यात एका माणसाच्या आठ बैठका शब्दन् शब्द छापलेल्या आहेत, तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करून उतरवलेल्या. बंद दाराआडचे संभाषण उघड्यावर मांडून 'तपासा' म्हणण्याचे हे धाडस होते, आणि ज्या पुस्तकात ते घडले त्याच्या नावातला पहिला शब्द काउन्सेलिंग आहे. येणाऱ्या माणसाला रुग्ण न म्हणता क्लायंट म्हणण्याची सवयही प्रामुख्याने रॉजर्स यांनीच रुजवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे झाले त्यावरून तर प्रश्न मिटायला हवा. १९४४ च्या जी. आय. बिलामुळे, म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या कायद्यामुळे, परतलेले सैनिक शिक्षण आणि नोकरीकडे वळले आणि त्यांना मार्गदर्शन करणारी माणसे अमेरिकेतील व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन या माजी सैनिकांच्या खात्याला मोठ्या संख्येने हवी होती. त्याच खात्याला रुग्णालयांसाठी क्लिनिकलची माणसेही हवी होती. युद्धापूर्वी क्लिनिकलवाल्यांचे मुख्य काम चाचण्या देणे हे होते आणि उपचार डॉक्टरांच्या हाती होते, हे आपण वर्गात शिकवले असेलच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची १९४० च्या दशकाच्या मध्यास पुनर्रचना झाली तेव्हा क्लिनिकलचा विभाग बारावा होता आणि मार्गदर्शनाचा सतरावा. दोन्ही एकाच यादीत, एकाच वेळी. क्लिनिकलच्या प्रशिक्षणाचा साचा बोल्डरच्या परिषदेत १९४९ मध्ये ठरला, तर समुपदेशनाचा १९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. १९५२ मध्ये व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनने 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' हे पद निर्माण केले आणि १९५४ मध्ये या शाखेचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. ही पाठोपाठची भावंडे आहेत, सर. धाकट्याला उष्ट्यावर वाढलेला म्हणणे हे थोरल्याला शोभत नाही.

आपला आरोप नवा आहे असेही नाही. १९६० मध्ये बर्ग, पेपिन्स्की आणि शोबेन यांनी असोसिएशनसाठी तयार केलेल्या अहवालात ही शाखा उतरणीला लागल्याचे म्हटले होते आणि क्लिनिकलशी तुलना करून तिची प्रतिष्ठा कमी ठरवली होती. त्याला लिओना टायलर, डेव्हिड टीडमन आणि गिल्बर्ट रेन यांनी लेखी उत्तर दिले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कमधील ग्रेस्टन येथे परिषद भरवून शाखेने आपल्या कामाची आखणी पुन्हा केली. फरक इतकाच की बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे आणि तुलना मांडून टीका केली होती, आणि त्या अहवालात दाराची किंवा तोरणाची भाषा नव्हती.

प्रवेश न मिळण्याचा विषय आपण काढला आहे, म्हणून एक खासगी गोष्ट सांगते. मला क्लिनिकलला प्रवेश मिळाला होता. प्रवेशाचे पत्र आजही माझ्या कपाटातल्या फायलीत आहे. ते मी नाकारले, कारण त्याआधीचे वर्ष मी एका रुग्णालयात काढले होते. तिथे मला औषधांच्या खोक्यांच्या खोलीत बसवले होते; दिवसाला पंधरा जणांच्या चाचण्या घ्यायच्या, गुण लिहायचे आणि कागद आत पाठवायचा, इतकेच माझे काम. समोरच्या माणसाला 'आता तुम्ही काय करणार?' असे विचारले म्हणून मला एकदा सर्वांदेखत बोलणी खावी लागली. मला तोच प्रश्न विचारायचा होता, म्हणून मी या वाटेला आले आणि गेली चोवीस वर्षे या वाटेवर आहे.

ओळख पुसून एक उदाहरण देते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, चार विषय राहिलेले, घरात बोलणे बंद. गोळ्या सुरू होत्या आणि त्या योग्यच होत्या. त्याबद्दल माझा वाद नाही. चौथ्या भेटीत तो वडिलांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाबद्दल बोलू लागला. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढताना वेढे मोजून घ्यावे लागतात आणि तारेचे गेज लिहून ठेवावे लागते, नाहीतर नवी गुंडाळी फसते, हे सांगताना त्याची बोटे टेबलावर वेढे मोजत होती. त्या दिवशी माझ्या नोंदवहीत मी लक्षण लिहिले नाही, ती बोटे लिहिली. नंतर त्याने डिप्लोमाला प्रवेश घेतला. आज तो कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि दिवाळीला फोन करतो. हे काम कोणाच्या मागच्या दारातले आहे ते आपण मला सांगावे.

राहिले दोन आक्षेप. भारतातील इतिहास थोडक्यात आला हे खरे, पण लेखाचा विषयच उगमाचा होता. मुंबईत पारशी पंचायतीचा व्यवसाय मार्गदर्शन ब्यूरो १९४७ चा, मुंबई सरकारचा १९५० चा आणि दिल्लीतला केंद्रीय ब्यूरो १९५४ चा. कुटुंब न्यायालयांतील समुपदेशक १९८४ च्या कायद्यानंतर आले. यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचा माझा विचार आहे. नोंदणीचा प्रश्न कायद्याचा आहे, इतिहासाचा नाही. त्यात इथे शिरत नाही.

आपण पुन्हा लिहिणार असाल तर वरीलपैकी कोणते वर्ष किंवा कोणती घटना चुकीची आहे ते नेमके दाखवावे. पार्सन्स यांच्या पुस्तकाचे वर्ष मूळ लेखात आज सकाळी बदलले आहे.