हेडी लामार ‘वायफायची आई’ नव्हती

भाचीला शाळेत महिला दिनाचं भाषण करायचंय. ताईने घरच्या ग्रुपवर फिरणारा, हेडी लामार या नटीवरचा मजकूरच तिला उतरवून दिला: ‘हॉलिवूडच्या या सौंदर्यवतीने एकटीने वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस शोधलं. नौदलाने शोध चोरला, अब्जावधी बुडाले, ती कंगाल होऊन मेली.’ पोरीचं पाठांतरही झालंय!

मला सगळ्यात खटकलं ते ‘एकटीने’. तिचं पेटंट, क्रमांक २२९२३८७, नेटवर फुकट वाचायला मिळतं. ११ ऑगस्ट १९४२ ची तारीख आणि त्यावर दोन नावं: हेडी कीस्लर मार्की (हे तिचं तेव्हाचं लग्नानंतरचं नाव) आणि जॉर्ज अँथाइल. रेडिओवरून टॉर्पेडोला (पाण्यातून जहाजावर सोडायच्या अस्त्राला) दिशा दिली, तर शत्रू त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करून तो भरकटवणार. म्हणून पाठवणाऱ्याने आणि टॉर्पेडोने एकाच क्षणी फ्रिक्वेन्सी बदलत राहायची. दोघांचा मेळ बसवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोतली असते तशी भोकं पाडलेली कागदी गुंडाळी. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून ८८ फ्रिक्वेन्सी शक्य. आकृतीत सातच आहेत, त्यातल्या तीन तर निव्वळ शत्रूला चकवायला! अँथाइल संगीतकार होता. असे अनेक पियानो एका तालात वाजवण्याचा खटाटोप त्याने आधीच केला होता. त्यालाच गाळलं, तर कागदाची गुंडाळी आली कुठून?

वायफाय, जीपीएसचं नाव पेटंटात कुठेही नाही. जीपीएसचे उपग्रह तर अशी फ्रिक्वेन्सी बदलतच नाहीत. एकाच फ्रिक्वेन्सीवर प्रत्येकाचा संकेत वेगळा. ब्लूटूथचं, बरं, मान्य. तो सेकंदाला १६०० वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो, कल्पना त्याच घराण्यातली. पण फ्रिक्वेन्सी बदलत गुप्त संदेश पाठवण्याचं पेटंट विलेम ब्रूर्टयेस या डच माणसाला अमेरिकेत १९३२ मध्येच मिळालं होतं.

राहिली चोरी. नौदलाने युद्धात ही कल्पना बाजूला सारली, हे खरं, आणि ते चुकलंही असेल. पण पेटंटची मुदत १७ वर्षांची, म्हणजे १९५९ ला संपली. ब्लूटूथ आलं १९९० च्या दशकात. मग अब्जावधी कुणी आणि कशाचे द्यायचे होते? आणि २००० मध्ये गेली तेव्हा तिच्यामागे ३० लाख डॉलरहून जास्त मालमत्ता होती. कंगाल म्हणे!

ताई म्हणते, ‘भाषण उद्या आहे, आता कुठे बदलत बसू?’

निदान ‘एकटीने’ खोड, ताई. तिथे अँथाइल लिही.